केतकीच्या नमुन्यातलं चिमूटभर औषध

१

भाऊसो कांबळे उकिरड्यात फावडं मारत होते तेव्हा त्यांची नात श्रुती स्कूटरवरून उतरली आणि हेल्मेट न काढताच म्हणाली, "आबा, मला कुणीतरी फसवलंय."

भाऊसोंनी फावडं टेकवलं. छत्तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर म्हणून काढलेल्या माणसाला घाई माहीत नसते. समोरच्याला आधी दम खाऊ द्यायचा, मग विचारायचं, ही त्यांची रीत. नातीला मात्र दम खायलाही सवड नव्हती. तिनं मोबाईल काढून प्रयोगशाळेचं पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं.

"केतकीच्या रक्तात अँटिबायोटिक सापडलंय. पेनिसिलिनच्या जातीचं. बाकीचे पाच घोडे साफ आहेत. एकट्या केतकीच्या रक्तात आलंय."

आता घोडीला औषध दिलं तर त्यात फसवणूक कसली, असं कुणी विचारेल. तर ती अशी. फुलेवाडीच्या पुढं विजयसिंहांची पागा आहे. गेल्या वर्षी तिथले दोन तरणेबांड घोडे फुप्फुसाच्या आजारानं गेले. तीन तऱ्हेची इंजेक्शनं झाली, एकाचाही गुण आला नाही. येणार कुठून? घोडा शिंकला की सुई, खोकला की सुई, असं वर्षानुवर्षं चाललेलं. औषधाची धारच गेली होती. यंदा सहा घोडे खोकायला लागले तेव्हा घोड्यांची डॉक्टर म्हणून श्रुतीनं पाय रोवून सांगितलं, ताप एकशेतीनच्या वर जाईपर्यंत किंवा धाप लागेपर्यंत अँटिबायोटिक नाही. ते कपाटात कुलपात राहील, गरज पडली तर त्याच मिनिटाला काढू. तोवर जुने उपाय.

आणि जुने उपाय कोल्हापुरात ज्या एका डोक्यात अजून शिल्लक होते ते डोकं होतं पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या आकाराम मोतद्दाराचं. तोबऱ्यात गरम कोंडा, निलगिरीचा पाला आणि ओवा घालून तो घोड्याच्या तोंडाला बांधायचा आणि वाफ द्यायचा. वाळलं गवत भिजवून घालायचं, म्हणजे धूळ उडत नाही. पागेची दारं-खिडक्या सताड उघड्या. सकाळच्या उन्हात एकेका घोड्याला हळूहळू फिरवून आणायचं. एकवीस दिवसांत सहाच्या सहा घोडे खडखडीत बरे झाले. औषध अजिबात दिलेलं नाही हे दाखवायला श्रुतीनं तीनदा रक्त तपासायला पाठवलं होतं. पहिले दोन नमुने साफ निघाले. एकविसाव्या दिवसाच्या नमुन्यात केतकीनं घात केला.

"माझा शोधनिबंध गेला तर गेला," श्रुती म्हणाली. तिचा आवाज मात्र तसं म्हणत नव्हता. "पण विजयसिंहकाकांनी आकारामकाकांना उद्या सकाळी नऊच्या आत पागा सोडायला सांगितलंय. म्हणतात, घोड्यांजवळ तोच असतो, त्यानंच स्वतःचा उपाय खरा करायला चोरून सुई मारली."

भाऊसोंचा हात फावड्याच्या दांड्यावर घट्ट झाला. आकाराम पंधरा वर्षांचा असताना त्या पागेत आला होता. पंचावन्न वर्षं तो घोड्यांच्या शेजारच्या खोलीत झोपला. बायको नाही, पोर नाही. आजऱ्याला एक पुतण्या आहे, तोही वर्षाकाठी कधीतरी फोन करणारा.

"आकाराम खोटं करणार नाही," ते म्हणाले.

"मीपण तेच म्हटलं. मग त्यांनी ट्रंक उघडायला लावली." श्रुतीनं आता हेल्मेट काढलं. "आबा, ट्रंकेत पेनिसिलिनची बाटली निघाली."

२

हातपाय धुऊन भाऊसो निघाले. गोठ्यात म्हैस निवांत रवंथ करत होती. गेल्या पंधरवड्यात तिच्या एका सडाला दगडी होऊन कास सुजली होती. ते सगळं निस्तरून परवापासून दूध पुन्हा डेअरीला जायला लागलं होतं. त्यांची बायको सरुबाई चुलीपाशी होती. "आकारामला काय झालं वो?" तिनं आतूनच विचारलं. भाऊसो म्हणाले, "बघून येतो."

पागा त्यांच्या गल्लीच्या टोकापासून चालत दहा मिनिटांवर. त्या वाटेनं चालताना भाऊसोंना दर वेळी जुने दिवस आठवायचे, आणि आठवले की त्यांची चाल मंदावायची. स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असायची तो काळ. सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी दहा-बारा टांगेवाले घोडा धरून उभे. कुणाच्या घोड्याचा खूर दुखावलाय, कुणाचा घसा सुजलाय. घशाला जवसाची पोटीस बांधायची, वाफ द्यायची आणि चार दिवस टांगा सोडायचा. टांगेवाले कुरकुरायचे आणि ऐकायचे. पेनिसिलिनची बाटली डॉक्टर स्वतः कुलपातनं काढायचे. एकेक थेंब मोजून. आता तेच औषध कोपऱ्यावरच्या दुकानात चणे-फुटाण्यांसारखं मिळतं, आणि टांगे मात्र उरले नाहीत.

पागेत केतकी मोकळ्या आवारात फिरत होती. मलईच्या रंगाची, अठरा वर्षांची म्हातारी. तिची आई वीत असतानाच गेली होती. ते शिंगरू भाऊसोंच्या दारात आणलं होतं आकारामनंच, घोंगडीत गुंडाळून. म्हशीच्या दुधात पाणी आणि साखर घालून सरुबाईनं तिला बाटलीनं वाढवलं. आता ती आवारात चांगली तुरुतुरु चालत होती. खोकल्याची खूणही नव्हती.

विजयसिंह चाळिशीचे, उंच, बोलण्यात मऊ. पण एकदा मनात भरलं की मागं न हटणारे. त्यांच्याजवळ यशराज उभा होता. औषधकंपनीचा प्रतिनिधी, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. "ओव्याच्या वाफेनं न्यूमोनिया बरा करणार म्हणे," असं गावभर हसत सांगणारा तो हाच.

"बघा काका," विजयसिंहांनी बाटली पुढं केली. "तुम्हीच सांगा, पेनिसिलिनचीच आहे ना?"

भाऊसोंनी चष्मा पुसला. बाटली उन्हात धरली. रबरी बूच टणक होऊन भेगाळलेलं, कागद पिवळा पडलेला. त्यांनी ती हलवली, आत काहीतरी खुळखुळलं. बूच काढून त्यांनी तळहातावर उपडी केली तर तीन सुया आणि खोगीर शिवायचा जाड दोरा बाहेर आला.

"ही बाटली आमच्या दवाखान्यातली आहे. मीच दिलेली," भाऊसो म्हणाले. "एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. कागदावर तारीख आहे, वाचा. तेव्हा काचेच्या बाटल्या कुणी टाकत नव्हतं. आणि यशराज, तू औषधं विकतोस की. चाळीस वर्षांच्या रिकाम्या बाटलीतनं औषध कसं काढतात ते मलाही शिकव."

यशराज कानापर्यंत लाल झाला. विजयसिंह मात्र हटले नाहीत. "बाटली जुनी असेल काका. पण रक्तातलं औषध तर जुनं नाही ना? कुणीतरी दिलंच. उद्या नऊपर्यंत मला दुसरं नाव द्या, मी आकारामचे पाय धरेन. नाही दिलंत तर माझाही नाइलाज आहे. विश्वास उडाला की घोडी कुणाच्या हातात द्यायची?"

आकाराम खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. भाऊसो शेजारी टेकले.

"सुई मारलीस?"

"न्हाय."

"गोळी, पूड, काय बी?"

"न्हाय, कंपौंडर. तुमच्या नातीनं सांगितलं तसंच केलंया."

"बरं. केतकीच्या तोंडातनं काय काय गेलं ते सांग."

आकारामनं बोटं मोजली. "चंदी. वलं गवात. पानी. गुळाचा खडा, त्यो डाक्टरनीनं लिवून ठेवलाय." आणि तो थांबला. त्यानं बुटाच्या टोकानं माती उकरली आणि म्हणाला, "दुसरं सांगन्यासारखं काय बी न्हाय."

भाऊसोंनी त्याच्याकडं पाहिलं. पंचावन्न वर्षांत आकारामनं त्यांच्याकडं बघायचं टाळून उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं होतं.

३

श्रुतीनं कपाट उघडून दाखवलं. बाटल्या जशाच्या तशा, सील शाबूत. चाव्या दोन, एक तिच्याकडं, एक विजयसिंहांकडं.

"दसऱ्याच्या मिरवणुकीला घोडे हवे होते तुम्हाला," भाऊसो विजयसिंहांना सरळच म्हणाले. "घाई होती. चावी होती."

विजयसिंह रागावले नाहीत. "होती की. पण मी दिलं असतं तर माझ्या पांढऱ्याला दिलं असतं, ज्याच्यावर मी बसतो. केतकीला मिरवणुकीत कोण नेतंय आता? आणि दसरा तर तिसऱ्या नमुन्याच्या आधीच झाला. पांढरा खणखणीत चालला, वाफेवरच."

ते खरं होतं. भाऊसोंनी मान डोलावली आणि यशराजकडं वळले. त्याला आवारात बोलावलं. "जरा केतकीचा लगाम धर."

यशराज दोन पावलं आला. केतकीनं कान मागं पाडले, मान लांब करून दात दाखवले. यशराज बॅगेसकट कुंपणाबाहेर गेला आणि तिथूनच म्हणाला, "मला घोड्यांची भीती वाटते हो. मी फक्त औषधं विकतो." हसू नये असं ठरवूनही श्रुती हसली. अनोळखी माणसाला केतकी अंगाला हात लावू देत नाही, हे सगळ्या पागेला ठाऊक होतं. यशराजनं तिला सुई मारली असती तर त्याचा इस्त्रीचा शर्ट असा उरला नसता.

मग भाऊसोंनी श्रुतीची वही मागितली. लिंबाखाली बसून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. पोरगी नेटकी. रोज सहाही घोड्यांचा ताप, श्वास, खोकला, लीद, फिरवण्याची वेळ. वाचताना त्यांना बरं वाटलं, कारण दवाखान्यातली रजिस्टरं त्यांनी अशीच ठेवली होती आणि कुणी कधी वाचली नव्हती.

"श्रुती, केतकीचा खोकला कधी थांबला?"

"चौदाव्या दिवशी."

"आणि दहाव्या दिवसाचा नमुना साफ होता. म्हणजे हे जे औषध गेलं ते त्यानंतर, बहुधा खोकला थांबल्यावरच. बऱ्या झालेल्या घोडीला औषध देणारा शहाणा कोण?"

श्रुतीनं वहीत त्या दिवसावर खूण केली.

"दुसरं. औषध किती सापडलं?"

"अगदी थोडं. घोड्याच्या एका डोसाचा शंभरावा भाग म्हणा. त्यानं उंदीरसुद्धा बरा व्हायचा नाही."

"मग उपाय म्हणून ते कुणी दिलेलंच नाही," भाऊसो म्हणाले. "आकाराम चोर असता तर त्यानं सहाही घोड्यांना दिलं असतं, भरपूर दिलं असतं आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात दिलं असतं. इथं एकाच घोडीला, चिमूटभर, आणि बरी झाल्यावर. हे कुणाच्या हातून न कळत गेलंय."

त्यांचं बोट वहीतल्या आणखी एका ओळीवर थांबलं. पंधराव्या दिवसापासून केतकीच्या रकान्यात लिहिलं होतं, लीद पातळ. सलग सात दिवस.

"भिजवलेल्या गवतानं असेल," श्रुती म्हणाली.

"भिजवलेलं गवत सहाही घोडे खात होते. बाकीच्यांची लीद?"

श्रुतीनं पानं उलटली. बाकीच्यांची लीद रोज नेहमीसारखी. आणि रोजच्या फिरवण्याच्या वेळा? पाच घोड्यांना अर्धा तास. केतकीला पाऊण.

"आकारामकाका म्हणाले, म्हातारी आहे, हळू चालते."

भाऊसोंनी मान वर केली. आवारात केतकी अजूनही तुरुतुरु चालत होती. तेवढ्यात श्रुतीचा फोन वाजला. प्रयोगशाळेतून होता. औषधाचं नेमकं नाव उद्या सकाळी कळवतो, म्हणाले.

४

संध्याकाळी भाऊसो कट्ट्यावर बसून होते. सरुबाईनं चहा आणून ठेवला तो निवला.

त्यांना जयंतीच्या मिरवणुका आठवत होत्या. दर एप्रिलला आकाराम न बोलावता केतकीला नटवून वस्तीत घेऊन यायचा. कपाळावर निळा गोंडा, पाठीवर स्वच्छ झूल. मालकाला काय सांगायचा कुणास ठाऊक. एका वर्षी भाऊसोंनी त्याला विचारलं होतं, तू कशाला एवढा खटाटोप करतोस? तेव्हा तो म्हणाला होता, "हिचं बालपन हितं गेलंया. माहेराला यायला आमंत्रन लागतंय व्हय?" भाऊसोंना तेव्हा हसू आलं होतं. आज आलं नाही. या माणसाला उद्या एसटीत बसवून आजऱ्याला धाडायचं, आणि तेही चोर म्हणून! सत्तराव्या वर्षी त्याला घोड्याच्या वासाशिवाय झोप तरी लागेल का?

आणि तरीही तो काहीतरी लपवत होता. तेच भाऊसोंना टोचत होतं.

सकाळी सातला श्रुतीचा फोन आला. "आबा, नाव आलं. क्लॉक्सासिलिन. पण घोड्याच्या खोकल्याला हे कुणीच देत नाही! पागेत नाही, यशराजच्या बॅगेत नाही. हे तर..."

ती मध्येच थांबली. ती का थांबली ते भाऊसोंना समजलं, कारण त्यांनाही ते नाव ओळखीचं वाटलं होतं.

ते उठून गोठ्यात गेले. खिडकीच्या कोनाड्यात धारेच्या तेलाची वाटी होती, तिच्यामागं प्लास्टिकच्या चार रिकाम्या नळ्या. म्हशीच्या सडात सोडायच्या औषधाच्या. पंधरवड्यापूर्वी दगडी झाली तेव्हा श्रुतीनंच त्या लिहून दिल्या होत्या, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक नळी सडात रिकामी केली होती. चष्मा वर करून त्यांनी नळीवरचं बारीक नाव वाचलं.

तेच होतं.

५

आता कोडं एवढंच उरलं की म्हशीच्या कासेतलं औषध केतकीच्या रक्तात पोचलं कसं. भाऊसोंनी ते तिथंच, गोठ्यात उभ्या उभ्या सोडवलं. सोडवायला फार काही उरलंच नव्हतं. कासेतनं बाहेर येते एकच गोष्ट.

नळ्या सोडल्या त्या दिवशी श्रुतीनं सांगितलं होतं, आठ दिवस हे दूध डेअरीला घालायचं नाही, माणसानं प्यायचं नाही, औषध उतरलेलं असतं. सरुबाई म्हणाली होती, ओतून टाकते उकिरड्यात. रोजचं सहा लिटर दूध. आणि तो उकिरडा रोज सकाळी वर-खाली करत होते कोण? खुद्द भाऊसो. आठ दिवस दूध ओतलेल्या उकिरड्याला आंबूस वास सुटतो, माश्या घोंघावतात, गल्लीतली मांजरं जागा सोडत नाहीत. त्यांनी फावडं मारलं तेव्हा शेण शेणासारखंच होतं. छत्तीस वर्षं नाकानं रोग ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या उकिरड्याचा वास कळला नाही!

सरुबाई भाकरी थापत होती.

"सरू, आठ दिवसांचं दूध कुठं ओतलंस?"

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं ती उलटली नाही.

"केतकी रोज सकाळी फिरायला या गल्लीतनं जाते," भाऊसो म्हणाले. "बाकीच्यांना अर्धा तास लागतो. तिला पाऊण लागतो. पाव तास ती आपल्या परसदारी उभी असते. व्हय का न्हाय?"

"तुम्ही तवा रंकाळ्यावर फिराय गेलेलं असताय," सरुबाई हळूच म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून तिनं सगळं सांगितलं. ती काही आठ दिवसांची गोष्ट नव्हती. केतकी शिंगरू होती तेव्हापासून तिला दुधाची चटक होती, आणि सरुबाईनं ती कधी तोडलीच नव्हती. रोज तांब्याभर. दूध चांगलं होतं तोवर काही बिघडलं नाही, म्हणून दहाव्या दिवसाचा नमुना साफ आला. आणि डेअरी बंद झाल्यावर अख्खी बादली घरात राहिली.

"दूध मातीत ओताय माजं हात धजंना. आनि श्रुती म्हनाली, मानसानं प्यायचं न्हाय. केतकी मानूस हाय व्हय?"

भाऊसो खाली बसले. औषध लिहिलं नातीनं, सोडलं त्यांनी, पाजलं बायकोनं. आणि त्यासाठी ट्रंक बांधत होता आकाराम.

"मला का नाही सांगितलंस?"

सरुबाईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. "सांगितलं असतं तर?" एवढंच म्हणून तिनं पदर सारखा केला आणि चप्पल घातली. "चला. नऊ वाजाय आलं."

६

पागेच्या दारात ट्रंक होती, वर घोंगडी घडी घालून ठेवलेली. विजयसिंह, श्रुती आणि यशराज लिंबाखाली उभे होते. आकाराम केतकीच्या मानेला खरारा करत होता, रोजच्यासारखा.

भाऊसोंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. एकच घोडी का, तर दुधाची सवय एकटीला. चिमूटभर का, तर दुधात उतरलेलं तेवढंच. बरी झाल्यावर का, तर म्हैस तेव्हा आजारी पडली. लीद पातळ का, तर मोठ्या घोड्याला बादलीभर दूध पचत नाही. त्यांनी खिशातनं रिकामी नळी काढून विजयसिंहांच्या हातात दिली. "तुम्ही दुसरं नाव मागितलं होतं. हे घ्या. नाव माझ्या घरचं आहे."

"त्यांचं न्हवं, माजं हाय," सरुबाई मागून म्हणाली.

मग श्रुती म्हणाली, "केतकीला मी निबंधातनं काढते. का काढली तेही लिहिते, आपल्या गोठ्यासकट. आणि पुढच्या वेळी दूध कुणालाच द्यायचं नाही, असं सांगेन. बाकीचे पाच घोडे साफ आहेत. पाच पुष्कळ झाले." यशराजनं बॅग या हातातनं त्या हातात घेतली आणि पहिल्यांदाच आकारामला विचारलं, ओवा किती घालायचा असतो म्हणून.

विजयसिंह आकारामच्या पायाशी वाकले. आकारामनं त्यांना वरच्यावर धरलं. "नगं मालक. तुमच्या आज्यानं मला हितं आनलं. तुमी पाया पडला तर त्यास्नी काय वाटंल?" विजयसिंहांनी मग ट्रंक उचलली आणि स्वतः खोलीत नेऊन ठेवली.

भाऊसोंचं मात्र अजून संपलं नव्हतं. ते आकारामपुढं जाऊन उभे राहिले. "दूध पाजतात हे तुला ठाऊक होतं. मी तोंडातनं काय गेलं विचारलं तेव्हाच तुझ्या मनात आलं होतं. व्हय का न्हाय?"

"आलतं की."

"मग बोलला का नाहीस? घर जात होतं तुझं!"

आकारामनं खरारा झटकला. "केतकी दोन वर्साची आसताना तिच्या पोटात दुखलं. वैनीनं दूध पाजलं म्हनून तुमी भर गल्लीत वैनीवर वरडला. समदी मानसं दारात येऊन बघत हुती. तुमास्नी आठवत नसंल."

भाऊसोंना आठवत होतं. पुसट, पण होतं. आपलं बरोबर होतं, एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

"वैनी म्हैनाभर दारात आली न्हाय. मग एकदा परसदारी तांब्या घिऊन आली आनि म्हनली, आकाराम, ह्यांस्नी कळू दिऊ नगंस. म्या न्हाय म्हटलं न्हाय. सोळा वर्सं कळू दिलं न्हाय." तो केतकीच्या आयाळीतनं बोटं फिरवत होता. "आजऱ्याला गेलो आसतो. तितं बी दिस गेलं आसतं. पर वैनीला तसं गल्लीत हुबी बघायचं मला पुन्यांदा नव्हतं."

कालपासून भाऊसो शहाण्यासारखे वागत होते. आता त्यांना कळलं की औषध शोधून काढलं ते सोपं होतं. त्यांच्या एका ओरडण्यासाठी बायकोनं सोळा वर्षं चोरून तांब्या नेला होता, आणि एक माणूस त्याच ओरडण्याला भिऊन घरदार सोडायला निघाला होता. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

ते सरुबाईकडं वळले. फाटकाशी गवतवाले थांबले होते, रस्त्यानं दोन-तीन बायका चालल्या होत्या, त्याही काय झालं म्हणून उभ्या राहिल्या. भाऊसोंनी तेवढ्या सगळ्यांच्या देखत, त्या दिवशी जेवढा लावला असेल तेवढाच मोठा आवाज लावला.

"सरू! माझं चुकलं!"

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं केतकीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "हळू बोला की. घोडी बुजतीया."